बंद खाणीतलं पाणी कुणाचं?

(जाफराबाद येथे पाणीप्रश्नावर झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याची पद्धत शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय पाणी आहे, आणि मी बोलणार आहे कोळशाच्या खाणींवर. जाफराबादेत बसून कोळशाच्या खाणी कशाला, असं काहीजणी एकमेकींना विचारताहेत, ते मला इथून दिसतंय. जालना जिल्ह्यात कोळसा निघत नाही. तरी मी हा विषय घेतला, त्याला कारण तुमच्यातलीच एक बाई आहे.

गेल्या वर्षी मी याच तालुक्यातल्या एका गावी मुक्कामाला होते. रात्री ओट्यावर गप्पा चालल्या होत्या. मी माझ्या माहेरचं सांगत होते. माझं माहेर विदर्भातलं, कोळशाच्या पट्ट्यातलं. वडील खाणीत कामाला. मी सांगितलं, की आमच्या गावाखालची खाण बंद झाली, पंप उचलून नेले, आणि खाण पाण्यानं भरली. गावाच्या खाली आता दूरवर पाणीच पाणी आहे. तर दिवसभर मिरचीच्या तोडणीवरून आलेली एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, तुमच्या बुडाखाली एवढं पाणी हाय, मंग तुमच्या बाया टँकरच्या रांगंत कामून उभ्या?"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. पण उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करते.

पायाखालचा दगड

आधी तुमच्या पायाखालचं बघू. केळणा आणि पूर्णा या नद्यांच्या काठचा हा मुलूख. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. हा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झाला. त्याच्या पोटात पाणी मावायला जागा थोडी. मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात मावेल तेवढंच. म्हणून विहीर पावसाळ्यात वर येते आणि होळीच्या सुमाराला तळाला जाते. पाचशे फूट बोअर मारलं तरी भेग लागली तर पाणी, नाहीतर नुसता फुफाटा. पाणाड्याला नारळ दिला म्हणून दगडात भेग तयार होत नाही.

आमच्याकडचा दगड वेगळा. नागपूरजवळ कामठी, सावनेर, उमरेडचा भाग, आणि वर्धा नदीच्या खोऱ्यात वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस, वणी. इथे जमिनीखाली वाळूचा दगड आहे आणि त्यात कोळशाचे थर आहेत. हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना, म्हणजे तुमच्या काळ्या पाषाणाचा पणजोबा. वाळूच्या दगडात कणाकणाच्या मधे पाणी मुरतं. कोळशाच्या वर असलेल्या अशा एका थराला भूगर्भशास्त्रात 'कामठी' हेच नाव आहे, आणि तो पाणी भरपूर धरतो. म्हणजे कोळशापर्यंत जायचं तर पाण्यातूनच जावं लागतं.

आजीचे पाय

भूमिगत खाण कशी असते ते थोडक्यात सांगते. जमिनीत एक सरळ उभा खड्डा नेतात, त्याला आमच्याकडे चानक म्हणतात. किंवा उतरता बोगदा नेतात, तो इन्क्लाइन. खाली कोळशातच उभे-आडवे रस्ते खणतात, शहरातल्या गल्ल्यांसारखे, आणि मधे कोळशाचे चौकोनी खांब सोडतात, छत पेलायला. पुढे परतताना तेही खांब काढतात. मग एकतर छत पडू देतात, नाहीतर नदीची वाळू पाण्याबरोबर आत सोडून पोकळी भरतात. या सगळ्या काळात छतातून, भिंतीतून पाणी झिरपत असतं. ते खोलगट जागी गोळा करायचं आणि पंपानं वर फेकायचं. दिवाळी असो की संप असो, पंप थांबवता येत नाही.

माझी आजी या पाण्यात काम केलेली बाई. खाणीखाली बायका काम करत होत्या, हे आज पुष्कळांना माहीत नाही. त्या नवऱ्याच्या, भावाच्या जोडीनं उतरायच्या. पुरुष कोळसा फोडायचा, बाई टोपल्यानं भरायची. १९२९ साली सरकारनं बायकांना खालून टप्प्याटप्प्यानं काढायचे नियम केले आणि ते दशक सरता सरता त्या पूर्ण बाहेर झाल्या. मग महायुद्ध आलं. कोळसा कमी पडायला लागला. १९४३ साली ती बंदी उठवली, आणि सगळ्यात आधी उठवली ती मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे आमच्याच भागात. त्यावर १९४४ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या कायदेमंडळात मोठी चर्चा झाली. त्या वेळी मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही तात्पुरती, नाइलाजाची गोष्ट आहे असं त्यांनी सांगितलं, आणि खाली उतरणाऱ्या बाईला त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे ठामपणे मांडलं. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी परत आली.

मधली अडीच वर्षं माझी आजी खाली होती. तिला कायदा माहीत नव्हता, महायुद्ध ऐकून माहीत होतं. तिची आठवण एकच. ती म्हणायची, "अडीच वर्स माये पाय वाळलेच नाई, पोरी." पाणी पोटरीपर्यंत, डोक्यावर टोपलं, पायात काही नाही. आणि दिवसभर पाण्यात उभी राहिलेली ही बाई वर आली, की घागर घेऊन पाण्याला जायची. कारण खालचं पाणी कंपनीचं, आणि घरचं पाणी बाईचं.

१९५२ च्या खाण कायद्यानं बाईला खाली काम करायला मनाईच केली. २०१९ साली ती थोडी सैल झाली. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी, दिवसाच्या वेळात, बाईच्या लेखी संमतीनं खाली जाता येऊ लागलं. ही चांगलीच गोष्ट आहे. पण आजीसारख्या बायकांना आधी बाहेर काढलं, मग आत ढकललं, मग परत बाहेर काढलं, आणि तिन्ही वेळा त्यांना कुणी विचारलं नाही, हेही लक्षात ठेवू या.

आता या पंपांचा गावावर काय परिणाम होतो? परातीत पीठ घ्या. मधोमध मूठभर पीठ उचललं, की कडेचं पीठ घसरून मधे येतं. पाण्याचं तसंच होतं. खाणीत वर्षानुवर्षं पाणी ओढलं, की आजूबाजूच्या शिवारातलं पाणी खाणीकडे उतरतं. शेजारच्या विहिरी आटतात. आमच्या लहानपणी हेच झालं. गावची विहीर आटली, आणि खाणीच्या पाइपातून पडणारं पाणी नाल्यानं वाहत होतं. माझी आई त्या नाल्यावर धुणं धुवायची आणि प्यायचं पाणी कॉलनीच्या नळावर रांग लावून आणायची. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, गावातल्या बायका आमचं पाणी नेतात. गावातल्या म्हणायच्या, आमच्या विहिरीचंच पाणी तुमच्या नळाला आलंय. दोघी भांडत राहिल्या. ज्यांनी पंप लावला, ते त्या भांडणात कधीच नव्हते.

विहीर आटल्याची तक्रार करायची तर सातबारावर नाव लागतं. जमीन गेली तर कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. ती नोकरी बहुतेक घरांत मुलाला, पुतण्याला, जावयाला जाते. पाणी गेल्याचा हिशेब मात्र कुठल्याच धोरणात बाईच्या नावानं मांडलेला मी पाहिला नाही.

पंप थांबल्यावर

आता खाण बंद होते तेव्हाचं बघू. विदर्भात बंद खाणी काही आजच्या नाहीत. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. त्यानंतर कितीतरी खाणी संपल्या, काही परवडेनाशा झाल्या. खाण बंद झाली की पंप काढतात. मग पाणी हळूहळू वर चढतं. कधी महिन्यांत, कधी काही वर्षांत, सगळ्या गल्ल्या, सगळी पोकळी भरून जाते. वरून काही दिसत नाही. गुरं चरतात, पोरं खेळतात.

हे पाणी शेजारच्या चालू खाणीच्या अंगावर टपून बसलेलं असतं. मधे कोळशाची भिंत असते, तेवढीच. डिसेंबर १९५४ मध्ये पेंच खोऱ्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी फुटून साठाहून जास्त कामगार बुडाले. नागपूर जिल्ह्यातल्या सिलेवाडा खाणीत नोव्हेंबर १९७५ मध्ये पाणी घुसून दहा कामगार गेले. त्यानंतर महिन्याभरानं, २७ डिसेंबर १९७५ ला, धनबादजवळच्या चासनाळ्यात जुन्या भागात साठलेलं पाणी चालू खाणीत कोसळलं आणि ३७५ कामगार मेले. 'काला पत्थर' सिनेमा तुमच्यातल्या पुष्कळजणींनी पाहिला असेल. त्याला या घटनेचा आधार आहे. आणि डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयात, अंगानं घसटत जावं लागतं अशा बेकायदा खाणीत पंधरा मजूर अडकले, तेही शेजारच्या पाण्यामुळेच.

नियम नव्हता असं नाही. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत होतं, की पाणी साठलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटर आत परवानगीशिवाय खणायचं नाही. पण त्यासाठी जुन्या खाणीचा नकाशा खरा लागतो. जुनी कामं कुठपर्यंत गेली होती, हे कागदावर नसेल, तर साठ मीटर मोजायचे कुठून? मैत्रिणींनो, हा मुद्दा लक्षात ठेवा. आपल्या हातात नकाशा नसणं, नोंद नसणं, ही काही किरकोळ गोष्ट नसते.

वर राहणाऱ्यांनाही धोका असतोच. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्गुसच्या अमराई भागात ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी बंद खाण होती. घरातली माणसं हादरा जाणवून वेळेवर बाहेर आली म्हणून वाचली. आजूबाजूची कुटुंबं हलवावी लागली. घर हलवायचं म्हणजे काय, ते बाईला विचारा. चूल, पोरांची शाळा, धुण्याभांड्याची चार घरं आणि पाण्याची जागा, सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधायचं.

डाळ शिजत नाही

तुम्ही म्हणाल, हे झालं अपघाताचं. पण पाणी वर आलं, विहिरी भरल्या, तर बायांचे हाल संपले ना?

आमच्या गावात तसंच वाटलं होतं. खाण बंद झाल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत आटलेल्या विहिरीला पाणी आलं. बायकांनी विहिरीची पूजा केली. माझ्या आईनं खणनारळानं ओटी भरली. आणि मग महिन्याभरात कुरकुर सुरू झाली. डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. घागरीला आतून पांढरा थर धरतो, पांढऱ्या कपड्यांवर तांबूस डाग येतात. लहान पोरांची पोटं वारंवार बिघडतात. पुरुष म्हणाले, नवं पाणी आहे, सवय होईल.

यामागचं शास्त्र असं. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या दगडात लोखंड आणि गंधक यांचा एक पदार्थ असतो, दिसायला सोन्यासारखा चमकतो. खाण चालू असताना त्याला हवा लागते, तो बदलतो. मग पाणी चढलं की ते सगळं पाण्यात उतरतं. काही ठिकाणी पाणी आंबट होतं. काही ठिकाणी दगडातला चुना ते आंबटपण मारतो, पण पाणी जड होतं आणि सल्फेट वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेटची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरी सोय नसेल तर ४००. जडपणाची २००, आणि दुसरी सोय नसेल तर ६००. सल्फेट फार झालं की पोट ढिलं होतं, आणि पाणी जड असलं की डाळ शिजत नाही. म्हणजे प्रयोगशाळा जे नंतर सांगते, ते चुलीपुढच्या बाईला आधी कळलेलं असतं. तिच्या कळण्याला कुणी पुरावा म्हणत नाही, एवढंच.

आणखी एक. पूर आल्यावर पहिलं पाणी गढूळ असतं, तसं खाण भरतानाचं पहिलं पाणी सगळ्यात वाईट असतं. पुढे वर्षं जातात तसं वरच्या थरातलं पाणी पुष्कळदा सुधारतं, खालचं तसंच राहतं. म्हणून एकदा तपासून भागत नाही. आणि चंद्रपूर, यवतमाळ भागात फ्लोराइडचा प्रश्न खाणीशिवायही आहे. त्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर दीड. दात पिवळे पडलेली, पाय वाकलेली माणसं ज्या गावात दिसतात, तिथल्या बायांनी हे पाणी वर्षानुवर्षं डोक्यावरून आणलेलं असतं. आपण आणलेल्या पाण्यानं आपलंच पोर वाकलं, हे दुःख मी एका बाईच्या तोंडून ऐकलं आहे.

आमच्या गावातल्या अकरा बायका मिळून एका कार्यालयात गेल्या. मी तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आले होते, मीही गेले. साहेब म्हणाले, पाणी चांगलं आहे. आम्ही म्हणालो, कागद दाखवा. कागद नव्हता. पाच खेपा झाल्या. शेवटी नमुना घेतला गेला आणि कागद आला, तो इंग्रजीत. मी वाचून सांगितला. सल्फेट जास्त, जडपणा जास्त. खाली एक ओळ होती: पिण्याखेरीज इतर वापरास योग्य. माझ्या आईनं विचारलं, "इतर वापर म्हणजे कोणता? जनावरांना पाजायचा, का बाळंतिणीच्या न्हाणीचा?" साहेबांकडे उत्तर नव्हतं. पण त्या प्रश्नातून आमचं काम सुरू झालं. बायकांनीच ठरवलं, की हे पाणी धुण्याला, शेताला आणि बांधकामाला. प्यायला गावाच्या दुसऱ्या अंगाची जुनी विहीर, ती उपसून, जाळी बसवून घ्यायची. आणि वर्षातून दोनदा तपासणीचा कागद ग्रामसभेत मराठीतून मोठ्यानं वाचायचा.

हे तीन वर्षं नीट चाललं. मग पुढाकार घेणाऱ्या दोघी दुसरीकडे राहायला गेल्या, आणि वाचन बंद पडलं. आमची चूक ही, की आम्ही काम चार बायांच्या जिवावर ठेवलं. पद्धत म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरात बसवलं नाही. तुम्ही ही चूक करू नका.

पाणी आहे, पण मालक कोण?

आता म्हातारीच्या प्रश्नाचा मुख्य भाग. हे पाणी शुद्ध करता येत नाही का? येतं. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीच्या खाणीतलं पाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीनं शुद्ध करून गावांना दिलं, आणि गेल्या दशकात 'कोल नीर' या नावानं बाटलीतही भरलं. खाणीचं पाणी वीज केंद्रांना आणि शेतीलाही देण्याचे करार झाले. अंधारात साठलेल्या या पाण्याची वाफ होत नाही, दुष्काळात ते मोठा आधार ठरू शकतं. तेव्हा खाणीचं पाणी म्हणजे विषच, असं मी म्हणत नाही. मी विचारते, की कोणतं पाणी वीज केंद्राला, कोणतं बाटलीत, कोणतं गावाच्या नळाला, हे ठरवताना टेबलाभोवती कोण बसलं होतं?

कायद्याची गोष्ट ऐका. इंग्रजांच्या १८८२ च्या कायद्यापासून विचार असा चालत आला, की ज्याची जमीन त्याचं तिच्याखालचं पाणी. जमीन कुणाच्या नावावर, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे जिच्या डोक्यावर हंडा, तिच्या नावावर थेंब नाही. आणि भूमिहीन घरांना तर काहीच नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी पाण्याला हात लावला, तो तळ्यावरचा हक्क होता. जमिनीखालच्या पाण्याचं महाड अजून व्हायचं आहे.

महाराष्ट्रात १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा झाला. सार्वजनिक पाण्याच्या उगमापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणायची नाही असं त्यात होतं. मग २००९ चा भूजल कायदा आला, तो २०१४ पासून लागू झाला. त्यात शेतीला आणि उद्योगाला ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. आता हात वर करा, कुणाच्या गावात दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर नाही? एकही हात नाही. म्हणजे कायदा आहे, पण तो कुणी तुमच्यापर्यंत आणला नाही.

वेगळा विचारही याच महाराष्ट्रात झालेला आहे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं पाणी जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर वाटलं, आणि भूमिहीनालाही वाटा ठेवला. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बळीराजा धरण लोकांनी बांधलं, तिथेही समान पाणीवाटपाचं तत्त्व धरलं. पाणी आणि जमीन यांची गाठ सोडवता येते, हे या माणसांनी करून दाखवलं.

बाहेरच्या देशांचं एक उदाहरण देते. जर्मनीत रूर नावाचा कोळशाचा प्रदेश आहे. तिथली शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. पण पंप बंद झाले नाहीत. खाणीमुळे जमीन इतकी खचली आहे, की उपसा थांबला तर वस्त्या पाण्यात जातील. त्या पंपांच्या खर्चासाठी २००७ साली वेगळी संस्था आणि निधी उभा केला. त्या कामांना त्यांनी नावच दिलं आहे, अनंतकाळाची कामं. नेदरलँड्समध्ये हेर्लेन गावी २००८ पासून बुडालेल्या खाणीतल्या कोमट पाण्यावर घरं ऊबदार ठेवतात. तिथे निदान एवढं कबूल झालं, की खाण संपली तरी जबाबदारी संपत नाही.

आपल्याकडे खाण बंद करण्याच्या मार्गदर्शक सूचना २००९ साली आल्या. कंपनीनं खाण बंद करण्यासाठी आधीच पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा. उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख, भूमिगत खाणीला हेक्टरी एक लाख, असा तेव्हाचा दर होता. जिथे खनिज निघतं तिथे २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी असतो, आणि पिण्याचं पाणी, आरोग्य, महिला व बालकल्याण यांना त्यात अग्रक्रम आहे. हा पैसा बायांनी मागायचा असतो. न मागता तो रस्त्यात आणि सभागृहात जातो, हा आमच्याकडचा अनुभव.

तुम्ही काय करायचं?

तेव्हा त्या आजीबाईंना माझं उत्तर असं. आमच्या खाली पाणी आहे, पण ते कुठे किती आहे याचा नकाशा आमच्या हातात नाही. ते कसं आहे याचा कागद आमच्या भाषेत नाही. आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्यांत आम्ही नाही. म्हणून आम्ही टँकरच्या रांगेत उभ्या.

आता तुमच्याकडे बघा. कोळसा नाही, पण हे तिन्ही प्रश्न आहेत. दगडाच्या पडीक खदानी आहेत, त्यांत पाणी साठतं. सोडून दिलेल्या विहिरी आहेत, बारवा आहेत, कोरडी पडलेली बोअर आहेत. त्यांची यादी गावात कुणाकडे आहे? सरकारच्या जल जीवन मिशननं २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलं. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अठरा हंडे. नळाला तेवढं आलं नाही, तर उरलेले हंडे कोण आणतं, ते मी सांगायला नको.

माझं सुचवणं चार गोष्टींचं आहे.

एक, गावातल्या प्रत्येक विहिरीची, बारवेची, खदानीची आणि बोअरची यादी बायांनी करायची, आणि निवडलेल्या चार विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी दोरीला गाठी मारून मोजायची. वहीत तारीख घालून लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी दोरी धरायची, पोरींनी लिहायचं. हाच आपला नकाशा.

दोन, पिण्याच्या प्रत्येक उगमाचं पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तपासून घ्यायचं आणि निकाल ग्रामसभेत मराठीतून वाचायचा. खदानीचं पाणी टँकरमध्ये भरलं जात असेल, तर त्याचाही कागद मागायचा.

तीन, गावाच्या पाणी समितीत निम्म्या बाया असतात, त्या सहीपुरत्या राहायच्या नाहीत. बैठक बायांना जमेल त्या वेळी घ्यायला लावायची. बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही, अंगठाही उठवायचा नाही.

चार, पाणी कमी पडलं तर कुणाचं आधी, हा क्रम ग्रामसभेत ठराव करून ठरवायचा. आधी पिणं, मग जनावरं, मग भूमिहीन आणि एकट्या बायांच्या घरच्या भाजीपाल्यापुरतं, मग बाकीचं पीक. यावर गावात भांडण होईल. ज्यांची बोअर खोल आहेत ते चिडतील, आणि त्यांत आपल्याच घरातले पुरुष असतील. हे माहीत असूनच ठराव मांडायचा. म्हणून एकटीनं मांडायचा नाही, वीसजणींनी मिळून मांडायचा.

माझी आजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती ज्या चानकानं उतरायची, त्याचं तोंड सिमेंटनं बंद केलं आहे. खाली पाणी आहे, आणि ती जिथे उभी राहायची ती गल्ली त्या पाण्यात आहे. त्या पाण्याबद्दल तिला कुणी कधी विचारलं नाही. तुमच्या दारात विचारायला कुणी येईल, याची वाट तुम्ही बघू नका. दोरी आणि वही घ्या आणि सुरुवात करा. पुढच्या मेळाव्याला मी येईन तेव्हा मला भाषण नको, तुमची वही दाखवा.